वेकबोर्डिंगच्या बोटीला स्वयंचलित वेगनियंत्रण: खोकं उघडण्याआधीपासून पाण्यावरच्या पहिल्या फेरीपर्यंत

मार्च-एप्रिलच्या दुपारी पानशेतच्या पाण्यावर पश्चिमेचं वारं सुटलं की आमच्या बोटीला जाताना एक वेग आणि येताना दुसरा. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा दोन्ही वेळा ३२०० वरच. पण दोरीच्या टोकाला बोर्डवर उभ्या असलेल्या पोराला फरक लगेच कळायचा. वाऱ्याविरुद्ध जाताना बोटीमागे उठणाऱ्या लाटेच्या माथ्यावर फेस यायचा, उडी मारायला कडक कड मिळायची नाही. परतीला तीच लाट ताठ आणि स्वच्छ. आमचे ड्रायव्हर काका चांगले मुरलेले आहेत, तरी त्यांचा एक डोळा सतत वेगाच्या काट्यावर असायचा. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. दोन सेकंद मान खाली गेली की बोट २० मीटर पुढे गेलेली असते, आणि एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर तेवढ्या अंतरात खडकही येऊ शकतो.

म्हणून मी वेगनियंत्रण बसवायला घेतलं. ड्रायव्हरची नजर पाण्यावर आणि आरशात राहावी, हा त्यामागचा पहिला हेतू. लाट एकसारखी मिळते हा फायदा त्यानंतरचा. आतापर्यंत तीन बोटींवर हे काम केलंय. त्यातून हाती आलेलं सगळं इथे क्रमाने मांडतो.

नेमकं काय धरून ठेवायचं?

बाजारात तीन जातीची यंत्रं दिसतात. सगळ्यात जुनी जात इंजिनाची रेस धरते: तुम्ही ३२०० आरपीएम सांगा, ती ३२०० ठेवते. स्वस्त आणि साधी. पण वारा बदलला, दोन माणसं वाढली, बॅलास्टच्या (लाट मोठी करायला बोटीत भरायच्या पाण्याच्या) पिशव्या भरल्या की त्याच रेसला वेग बदलतो. माझा मूळ त्रास तोच होता, त्यामुळे हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला.

दुसरी जात बोटीच्या तळाला बसवलेल्या छोट्या चाकावरून पाण्याचा वेग मोजते. कल्पना चांगली आहे, पण आपल्या धरणांत पावसाळ्यानंतर गाळ आणि शेवाळ इतकं असतं की चाक अडकतं. जुन्या बोटींचा स्पीडोमीटर पाण्याच्या दाबावर चालतो, त्याच्या भोकातही हाच गाळ बसतो आणि काटा मनाला येईल ते दाखवतो. तळाला आणखी एक भोक पाडायचं आणि तेही गाळासाठी, हे मला पटत नाही.

तिसरी जात जीपीएसवर चालते. धरणात प्रवाह जवळपास नसतोच, त्यामुळे जमिनीच्या तुलनेतला वेग हाच पाण्याच्या तुलनेतला वेग. कॅलिब्रेशनची कटकट जवळजवळ नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची परफेक्ट पास ही कंपनी या क्षेत्रातली जुनी आहे. झिरो ऑफ हे दुसरं नाव, ते बऱ्याच नव्या बोटींत कारखान्यातूनच बसून येतं. नव्याने बसवणार असाल तर जीपीएसचंच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी इंजिन ओळखा

इंजिनाचं झाकण उघडा आणि कुणाला तरी ड्रायव्हरजवळचा रेस देण्याचा लिव्हर हळू पुढे-मागे करायला सांगा, इंजिन बंद ठेवून. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, दांड्याला जोडलेली स्टीलची केबल हलताना दिसली तर तुमचं इंजिन केबलचं. अशा इंजिनाला सर्व्हो मोटर, म्हणजे यंत्राच्या हुकमाने केबल ओढणारी छोटी मोटर, लागते. लिव्हरकडून आलेली मूळ केबल सर्व्होला जोडायची आणि सर्व्होपासून थ्रॉटलपर्यंत दुसरी छोटी केबल टाकायची.

केबल दिसलीच नाही, नुसती वायर आली, तर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. तिथे सर्व्हो चालत नाही, इंजिनाच्या कंट्रोलरशी बोलणारं मॉड्यूल लागतं, आणि ते इंजिनाच्या मेकनुसार आणि सालानुसार वेगळं असतं. ऑर्डर देण्याआधी इंजिनाच्या प्लेटचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. आयात शुल्क भरून आलेलं चुकीचं मॉड्यूल परत पाठवणं फार महागात पडतं. मर्क्युरीच्या काही आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या, इंजिनांना कंपनीचीच स्मार्ट टो नावाची सोय असते. तुमच्या इंजिनाला ती चालत असेल तर बाहेरचं काही जोडूच नका.

यापुढचं सगळं केबलवाल्या इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनाबद्दल आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. या जोडणीत लिव्हरने तुम्ही जेवढी रेस दिली असेल त्यातून सर्व्हो थोडी कापून घेतो, पदरची घालत नाही. म्हणून चालवताना लिव्हर गरजेपेक्षा थोडा पुढे ठेवावा लागतो, आणि लिव्हर मागे ओढला की बोट मंदावलीच पाहिजे. तुमच्या यंत्राचं पुस्तक हेच सांगतं का, ते पहिल्या दिवशी वाचा. सगळी सुरक्षितता या एका गुणावर उभी आहे.

खोकं उघडण्याआधीचं काम

माझ्या हिशोबाने निम्म्याहून जास्त काम इथेच आहे. आजारी थ्रॉटलला वेगनियंत्रण लावलं तर आजार दुरुस्त होत नाही, क्षणाक्षणाला दिसायला लागतो.

थ्रॉटलचा दांडा बोटाने उघडा आणि सोडा. स्प्रिंगने तो टक् असा आवाज करत स्टॉपवर आला पाहिजे. रेंगाळला तर कार्बन साफ करा, स्प्रिंग बदला. मग केबल दोन्हीकडून सोडवून हाताने आत-बाहेर करा. मध्येच अडखळते? वळणावर जड जाते? बदला. बोटीच्या केबलला तेल घालून ती बरी होत नाही, आतलं अस्तर गेलेलं असतं. जड केबलवर सर्व्हो बसवला की तो ढकलतो, काही होत नाही, जास्त ढकलतो, मग एकदम उडी. दोरीवरच्या माणसाच्या खांद्याला तो झटका बसतो.

बॅटरी पाहा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. आयडलची रेस पुस्तकात सांगितल्याएवढी आणि स्थिर हवी. टॅकोमीटरचा काटा थरथरत असेल तर आधी त्याची वायर आणि अर्थिंग तपासा, कारण वेगनियंत्रण रेसचा सिग्नल तिथूनच घेणार आहे.

आणि ताकद. इंजिनाची शक्ती दर १०० मीटर उंचीला साधारण १ टक्का घटते. पुण्याजवळची धरणं समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहेत, म्हणजे सहाएक टक्के गेलेच. त्यात बॅलास्ट आणि सहा माणसं. पूर्ण लोडवर हवा तो वेग धरताना लिव्हर तीन-चतुर्थांशाच्या पुढे जात असेल, तर यंत्राला खेळायला जागाच उरत नाही. आम्ही एका बोटीचा प्रोपेलर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात पुढे जाण्याचं अंतर कमी असलेला) केला. रेस थोडी वाढली, वरचा वेग गेला, पण वेकबोर्डला ताशी ४० च्या वर जायचंच नसतं.

सर्व्हो बसवताना झालेली माझी चूक

पहिल्या बोटीला मी सर्व्होचं ब्रॅकेट हाताशी असलेल्या दोन मिलीमीटर पत्र्याचं केलं. इंजिनाचा गरम धूर नेणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब, नट-बोल्ट घट्ट, सगळं नीट दिसत होतं. जमिनीवर थ्रॉटल छान परत येत होता. पाण्यावर तासभर फिरून जेट्टीकडे आलो, लिव्हर न्यूट्रलला आणला आणि रेस १५०० वरच अडकली. एवढ्या रेसला रिव्हर्स टाकला तर गिअरबॉक्सचं काही खरं नाही. "किल्ली! किल्ली बंद करा!" काका ओरडले. मी इंजिन बंद केलं आणि बोट आपल्या वेगात जाऊन जेट्टीच्या टायरांवर आदळली. बोटीत दोन लहान मुलं होती. कुणाला लागलं नाही, पण तो आवाज मी विसरलेलो नाही.

कारण दोन दिवसांनी सापडलं. छोटी केबल थ्रॉटलच्या दांड्याला तिरकी जात होती. इंजिन तापलं, पातळ ब्रॅकेट थरथरलं आणि केबलचं टोक दांड्याच्या भोकात तिरकं रुतून बसलं.

तेव्हापासूनचा माझा नियम: ब्रॅकेट पाच मिलीमीटर स्टेनलेस पट्टीचं, भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधून मापाने करून घेतलेलं. थ्रॉटलचा दांडा अर्धा उघडा असताना केबल त्याच्याशी काटकोनात आणि एका रेषेत. टोकाला फिरता जोड. चेकनट आवळल्यावर स्प्लिट पिनही. केबलला वळसा द्यावाच लागला तर तो मोठा, ताटाच्या काठासारखा द्या, कोपरा करू नका.

सर्व्हो एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून आणि बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साठणाऱ्या, पाण्यापासून दूर हवा. पेट्रोल इंजिनाच्या खोलीत बसणारा प्रत्येक विजेचा भाग ठिणगी बाहेर न पडणारा, म्हणजे इग्निशन प्रोटेक्टेड असाच हवा. तिथे कारचा रिले बसवू नका. खोलीत पेट्रोलची वाफ साठते आणि बोटीत आग लागली तर उतरून पळायला रस्ता नसतो.

मग मापं जुळवा. लिव्हर न्यूट्रलला: थ्रॉटल स्टॉपला टेकलेला आणि केबलमध्ये केसभर ढील. लिव्हर पूर्ण पुढे: थ्रॉटल पूर्ण उघडा, पण केबल ताणलेली नाही. एक जण लिव्हरवर, दुसरा टॉर्च घेऊन इंजिनापाशी. दहा वेळा करा. दहाही वेळा टक् आवाज आला पाहिजे.

डिस्प्ले, अँटेना, वायरिंग

डिस्प्ले ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेत, स्टीअरिंगच्या वर बसवा. डॅशबोर्ड फायबरचा असेल तर आधी मास्किंग टेप चिकटवा, त्यावर खूण करा आणि होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) सुरुवातीला उलटा फिरवा. वरचा चकचकीत थर कापला गेला की मग सुलटा फिरवून भोक पाडा. सुलट्यानेच सुरुवात केली तर त्या थराचे टवके उडतात आणि ते आयुष्यभर डोळ्यासमोर राहतात. भोकाआधी मागे हात घालून पाहा, तिथून स्टीअरिंगची केबल जात असू शकते.

जीपीएसची अँटेना डॅशच्या फायबरखाली बसली तरी चालते, फायबरमधून सिग्नल येतो. धातूच्या पत्र्याखाली आणि म्युझिक सिस्टीमच्या अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून बसवू नका.

वायरिंगला वेळ द्या. बऱ्याच मरीन इंजिनांत जांभळी वायर म्हणजे किल्लीनंतरचे १२ व्होल्ट, राखाडी म्हणजे टॅकोमीटरचा सिग्नल, काळी म्हणजे अर्थ. पण आपल्याकडे आलेल्या जुन्या बोटींच्या वायरी कुणीतरी कधीतरी बदललेल्या असतात, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावा. पुरवठा किल्लीनंतरचाच घ्या. किल्ली बंद केल्यावर यंत्रही बंद झालं पाहिजे. फ्यूज पुस्तकात सांगितलेल्या अँपिअरचा, उगमाजवळ. कल्हई केलेल्या तांब्याची वायर, दाबून बसवलेले लग आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. स्लीव्ह, लग, कनेक्टर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात, स्टेनलेस नट-बोल्ट रविवार पेठेत बोहरी आळीत. मोजून दुप्पट आणा, निम्मे बिल्जमध्ये पडतात.

अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून. डॅशच्या एखाद्या स्क्रूवर घेतलेला अर्थ आज चालेल आणि महिन्याने दगा देईल.

जमिनीवर

किल्ली चालू, इंजिन बंद. बहुतेक यंत्रं या वेळी सर्व्हो एकदा हलवून पाहतात, म्हणून बोटं लांब ठेवा. सेटिंगमध्ये सिलिंडरची संख्या भरा. आठ सिलिंडरच्या इंजिनावर चार भरलेत तर रेस दुप्पट दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग: एकक. ही यंत्रं बहुतेक वेळा ताशी मैलावर सेट होऊन येतात. लाट ओलांडायला शिकणाऱ्यासाठी तुम्ही ३० घातलं आणि एकक मैल असेल, तर बोट ताशी ४८ किमीने जाईल. त्या वेगाला पडलेल्या माणसाला पाणी फरशीसारखं लागतं. किलोमीटर निवडा आणि डिस्प्लेशेजारी 'किमी' अशी पट्टी चिकटवा.

ट्रेलरवर इंजिन सुरू करायचं असेल तर पाण्याचा पाइप जोडल्याशिवाय करू नका, पंपाचा रबरी इम्पेलर मिनिटभरात जळतो. पेट्रोलच्या बोटीत सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटं चालवा. सुरू झाल्यावर न्यूट्रलमध्ये रेस १५०० पर्यंत नेऊन सोडा. लगेच आयडलला आली का? इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा तेच करा. माझी चूक गरम इंजिनावरच उघडी पडली असती, मी फक्त थंडावर पाहिलं होतं.

पाण्यावर

पानशेत असो की मुळशी, जलाशयावर बोट उतरवायला परवानगी लागते. नोंदणी, विमा, लाइफ जॅकेट हे सगळं आधी. आणि बिल्जमध्ये तेल शोषणारं पॅड ठेवा. केबल-ब्रॅकेटच्या कामात ग्रीस-तेल सांडतंच, आणि बिल्ज पंप ते थेट धरणात टाकतो. पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात येतं, तिथून पुण्याच्या नळाला. हे आपलंच प्यायचं पाणी आहे.

पहिली फेरी सकाळी, वारा पडलेला असताना, दोरी न बांधता. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी ड्रायव्हरच्या जॅकेटला. वेग ३० ठेवा, लिव्हर हळूहळू पुढे न्या. यंत्राने वेग पकडला की रेसचा आवाज एकदम सपाट होतो. तो ऐकू आला की लिव्हर आणखी किंचित पुढे करून हात तसाच ठेवा. आता मुद्दाम लिव्हर मागे ओढा. यंत्र सुटलं आणि बोट मंदावली? हे पाच वेळा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग सरळ रेषेत दोन्ही दिशांना एकेक फेरी मारा आणि फोनवरच्या जीपीएसशी आकडा पडताळा.

दुसरी फेरी पूर्ण लोडने. तिसरीला बोर्डवर जाणता माणूस. नवशिक्याला पहिल्या दिवशी उभं करू नका. वेग साधारण असे धरा: नवशिक्याला २५ ते २९, लाट ओलांडायला शिकणाऱ्याला ३० ते ३४, उड्या मारणाऱ्याला ३६ ते ३९. त्यात माणसाच्या वजनाप्रमाणे बदल होतो. जड माणसाला थोडा जास्त लागतो. वेकसर्फिंगला, म्हणजे दोरी सोडून बोटीच्या लाटेवर तरंगायला, १६ ते १९ पुरतो, पण ते प्रोपेलर तळाखाली असलेल्या इनबोर्ड बोटीमागेच. बोटीच्या मागे प्रोपेलर फिरणाऱ्या आउटबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्हमागे कधीच नाही.

दोरीवरच्या माणसाचा अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. मागे पाहणारा माणूस ते ओरडून सांगतो आणि ड्रायव्हर एक बटण दाबतो. दोरीवरचा माणूस पडला की लिव्हर मागे, मग वळण. हे यंत्राच्या भरवशावर सोडायचं नाही.

रेस वर-खाली होत असेल तर

खंबाटकी घाट चढणारा मुरलेला ट्रकवाला काय करतो ते आठवा. वेग आत्ता किती कमी आहे, किती वेळ कमी आहे आणि किती झपाट्याने घटतोय, या तिन्हींचा अंदाज घेऊन तो पाय दाबतो. यंत्रही तेच करतं. फरक इतकाच की गाडीचं चाक रस्ता पकडतं, प्रोपेलर पाण्यात घसरतो, आणि दोरीवरचा माणूस कड मारतो, म्हणजे बोर्ड तिरका करून त्याची कड पाण्यात रोवतो, तेव्हा ओढ क्षणात वाढते.

रेस लयीत वर-खाली होत राहिली, ज्याला आपले मेकॅनिक हंटिंग म्हणतात, तर आधी केबल आणि ब्रॅकेट पाहा, मगच प्रतिसादाचं (यंत्र किती झटकन रेस बदलतं त्याचं) सेटिंग एक पायरी कमी करा. आमच्याकडे तीनदा हंटिंग झालं, तिन्ही वेळा कारण यांत्रिक निघालं. कड मारल्यावर वेग पडतो आणि उशिरा सावरतो? लिव्हर पुरेसा पुढे नाही, किंवा सेटिंग मऊ आहे. सुरुवातीला वेग ठरवलेल्यापेक्षा वर जाऊन खाली येतो? लिव्हर एकदम ढकलला जातोय. तीन सेकंदांत न्यायचा तो सहा सेकंदांत न्या. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. त्या वहीत बोटीत किती माणसं, किती बॅलास्ट, वारा कुठून, हेही टिपा. पुढच्या मोसमात तीच वही सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पावसाळ्यासाठी

जूनमध्ये बोट बाहेर काढली की डिस्प्ले काढून घरी आणतो, कोरड्या डब्यात ठेवतो. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, बॅटरीची निगेटिव्ह सुटी. इंजिनाच्या खोलीत उंदीर शिरतात आणि नवी वायर त्यांना फार आवडते, म्हणून वायरी प्लास्टिकच्या नळीतून नेलेल्या बऱ्या. ऑक्टोबरमध्ये परत जोडताना पहिलं काम ठरलेलं: इंजिन बंद, झाकण उघडं, काका लिव्हरवर, मी टॉर्च घेऊन आत, आणि दहा वेळा टक्.